तयार मिळतं की!

मराठीत माणसाचा पाणउतारा करण्यासाठी वाक्यांची वाण नाही. 'तुम्हाला नाही समजायचं' आहे, 'वयाचा तरी विचार करा' आहे, आणि 'तुमच्या हातून होणार आहे का ते?' हे तर आमच्या घरात गेली पंचेचाळीस वर्षं नित्यपाठात आहे. या सगळ्यांवर मी उतारे शोधून ठेवले आहेत. पण एका वाक्यापुढे माझी मात्रा चालत नाही, कारण बोलणारा ते रागाने बोलतच नाही, मायेने बोलतो. मी जेवणाच्या टेबलावर ओणवा झालेला असतो, डाव्या हाताची तीन बोटं सरसाने एकमेकांना चिकटलेली असतात, तोंडात टाचण्या असतात, आणि आलेला पाहुणा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "कशाला एवढा त्रास करून घेता? हे बाजारात तयार मिळतं की!"

हा लेख त्या पाहुण्याविरुद्ध आहे. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या वेळी उत्तर देता आलं नाही, ते आता देतो.

आधी मी काय करत होतो ते सांगायला हवं. मी 'विक्रांत' बांधत होतो. आपल्या आरमाराची पहिली विमानवाहू नौका. तिची दोनशेपट लहान प्रतिकृती. खरी विक्रांत सातशे फूट लांब, म्हणजे माझी साडेतीन फूट. खोकं आणायचं, त्यातले आकडे घातलेले भाग एकमेकांना चिकटवायचे आणि चित्रातल्यासारखं दिसलं की टाळ्या घ्यायच्या, असला हा प्रकार नव्हे. यात खोकंच नसतं. असतं ते जुन्या कपाटाचं लाकूड, लग्नपत्रिका, पेन्सिलींचे तुकडे, संपलेल्या रिफिली, सायकलच्या चाकाच्या तारा आणि घरच्यांची सहनशक्ती. इंग्रजीत याला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. 'स्क्रॅच' म्हणजे ओरखडा एवढंच मला ठाऊक होतं, आणि पहिल्या आठवड्यात तोच अर्थ बरोबर आहे असं माझी बोटं सांगत होती.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं २०१४ च्या नोव्हेंबरात. सकाळी चहा घेताना वर्तमानपत्रात वाचलं, विक्रांत मोडायला सुरुवात झाली. मुंबईतच, दारूखान्याला. मला वाईट वाटलं. वाईट वाटणं साहजिकच होतं, कारण विक्रांतची आणि माझी ओळख जुनी. १९६१ च्या ३ नोव्हेंबरला ती पहिल्यांदा मुंबईला आली, नेहरू तिच्या स्वागताला बॅलार्ड पिअरवर गेले होते, आणि नऊ वर्षांचा मी वडिलांचं बोट धरून त्या गर्दीच्या शेवटच्या रांगेत होतो. पुढे नोकरी लागली ती फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून गेटवेपर्यंत चक्कर मारायची आणि ती बंदरात असली की 'आहे' अशी नोंद घेऊन परत यायचं. १९९७ च्या ३१ जानेवारीला ती निवृत्त झाली, २००१ मध्ये तिचं संग्रहालय झालं, तेव्हा मी सहकुटुंब डेकवर जाऊन आलो. थोडक्यात, अर्धं शतक मी तिला पाहत होतो.

तर त्या सकाळी शेजारचे नाना आले होते. त्यांना समजावून सांगावं म्हणून मी पेपराच्या कडेला पेन्सिलीने विक्रांतचं चित्र काढलं. ते पाहून सौ. म्हणाली, "हे पोळपाटावर आगपेटी कशाला ठेवलीत?"

तेही चाललं असतं. पण नाना म्हणाले, "ही खोली डाव्या बाजूला होती की उजव्या?"

विमानवाहू जहाजाच्या सपाट पाठीवर एका कडेला जी इमारत उभी असते तिला आयलंड म्हणतात. कप्तान तिथे, धुराडं तिथे, डोलकाठी तिथे. जहाजावर नजरेत भरणारी म्हणून एवढी एकच वस्तू. आणि मला ती कोणत्या बाजूला होती हे सांगता येईना! मी ठामपणे डावीकडे काढली होती. संध्याकाळी फोटो शोधून पाहिला. उजवीकडे होती.

वाचकहो, पन्नास वर्षं ज्याच्या घरावरून रोज गेलो त्या माणसाला दाढी होती की नव्हती हे त्याच्या तेराव्याला आठवू नये, तशी माझी अवस्था झाली. मी विक्रांत पाहिली नव्हती. विक्रांत असताना फक्त त्या दिशेला तोंड करून उभा राहिलो होतो.

आणि म्हणून माझं त्या पाहुण्याशी भांडण आहे. 'तयार मिळतं' हे खरं आहे, पण तयार काय मिळतं? वस्तू मिळते. ओळख तयार मिळत नाही. ती ज्याची त्याने हाताने करायची असते, आणि तिला वेळ लागतो. मला सव्वाचार वर्षं लागली.

त्यातलं पहिलं दीड वर्ष नुसतं लाकूड घासण्यात गेलं. जहाजाचं खालचं अंग करण्याची एक जुनी पद्धत आहे. तळापासून वरपर्यंत प्रत्येक पातळीचा आकार एकेका फळीवर कापायचा आणि फळ्या एकावर एक चिकटवायच्या. इंग्रज याला 'ब्रेड अँड बटर' म्हणतात. फळी हा पाव, सरस हे लोणी. आम्ही भाकरीवाले, आम्ही चळत रचली. मग ती पायऱ्या-पायऱ्यांची चळत घासकागदाने घासत जायची, ती पायऱ्या नाहीशा होऊन एक सलग बाक उरेपर्यंत. मध्ये मध्ये पुठ्ठ्याचे साचे लावून बघायचं. डावी बाजू साच्यात बसली की उजवी बसत नाही. उजवी घासावी तर डावी लठ्ठ दिसू लागते. मे महिन्यात माझ्या जहाजाच्या एका अंगाला बाळसं होतं आणि दुसऱ्या अंगाला कुपोषण. भुसा आमटीत जाई, चहात जाई. सौ. म्हणाली, "पोटात अख्खं कपाट गेलं आता. कपडे तिथेच ठेवते."

पण त्या दीड वर्षात मला जहाजाच्या पुढच्या टोकाची, म्हणजे नाळेची, धार बोटांना पाठ झाली. पाणी ती कसं कापत असेल आणि तेच पाणी मागे सुकाणूपाशी कसं पुन्हा मिटत असेल, हे मला अंधारात हात फिरवून सांगता येऊ लागलं. ही माहिती कुठल्या दुकानात तयार मिळते, पाहुण्यांनी सांगावं.

मग डेक. माझ्या मापाने पावणेआठ इंच रुंद. तो मी लग्नपत्रिकांचे थर चिकटवून केला. हल्लीच्या पत्रिका उत्तम जाड असतात, संसार टिको न टिको. डेक कापताना ध्यानात आलं की हा सरळ आयतही नाही. त्याची डावी बाजू मध्येच बाहेर आली आहे, कारण विमानं उतरण्याची पट्टी जहाजाच्या रेषेत नसून तिरपी आहे. का तिरपी? विमान उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला नाही, तर ते पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळू नये. तसंच तिरपं पुढे जाऊन पुन्हा हवेत उठावं, म्हणून. आणि आयलंड उजवीकडे का? तर जुनी पंख्याची विमानं जोर लावला की डावीकडे ओढ घेत. चुकलेल्या वैमानिकाला डावीकडे वळणं सोपं. त्या बाजूला इमारत असून कसं चालेल? ज्या प्रश्नाने नानांनी माझी फजिती केली त्याचं उत्तर मला आयलंड चिकटवताना मिळालं. आता ती बाजू मी मेल्यावरसुद्धा विसरणार नाही.

सी हॉक विमानं मी पेन्सिलीची केली. खरं विमान सुमारे बारा मीटर लांब, म्हणजे माझं सहा सेंटिमीटर. त्याचं पोट मापात बरोबर पेन्सिलीएवढं येतं, पंख पोस्टकार्डाचे. दोन इंच जाडीचा दोर दोनशेने भागला की शिवणाचा दोरा होतो. आयलंडवरच्या रेडिओच्या तारा त्याहून बारीक. त्यासाठी मी केस वापरले. कोणाचे ते इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यांतले बरेचसे आता नौदलाच्या करड्या रंगात आपणहून आले होते.

खलाशांनी मात्र घरात पेचप्रसंग आणला. साडेपाच फुटी माणूस या मापात आठ मिलिमीटर उंच होतो आणि त्याचं डोकं जेमतेम एक मिलिमीटर. एक मिलिमीटरचा गोल दाणा म्हणजे खसखस! दिवाळीच्या तोंडावर अनारशांसाठी आणलेल्या खसखशीतून मी चिमूटभर आरमारात भरती केली. सरस सुकायच्या आत मुंग्या आल्या आणि रात्रीतून निम्म्या खलाशांची डोकी गेली. १९४६ च्या नाविकांच्या बंडानंतर मुंबईच्या आरमारात एवढी खळबळ उडाली नसेल.

याच सुमाराला, माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला, चिरंजीवांनी एक तयार विक्रांत आणली. हेतू चांगला होता. "बाबा, डोळ्यांना किती ताण देता!" म्हणाला. वस्तू चकचकीत होती. काचेची पेटी, पितळी पाटी. मी चष्मा लावून बघितलं आणि गप्प झालो. पुढच्या टोकाला डेक उतारासारखा वर उचललेला होता आणि त्याच डेकवर सी हॉक विमानं ओळीने उभी होती. आता तो उतार बसवला गेला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सी हॅरियर विमानांसाठी. आणि सी हॉकचा विक्रांतवरचा मुक्काम १९७८ मध्येच हलला होता. बाजीरावाच्या पुतळ्याला मनगटी घड्याळ बांधावं, तसा प्रकार! चिरंजीवांना हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण बाबा, हे कोणाच्या लक्षात येणार आहे?"

माझं म्हणणं नेमकं हेच आहे, की कोणाच्या लक्षात येत नाही. विक्रांत म्हणजे कुठल्या सालची विक्रांत, हा प्रश्न विकणाऱ्याला पडत नाही, घेणाऱ्याला पडत नाही. बांधणाऱ्याला तो पहिल्या दिवशी सोडवावाच लागतो. त्याशिवाय पहिली फळी कापता येत नाही. मी घेतली डिसेंबर १९७१ ची. चारांपैकी एका बॉयलरला तडे गेलेले, उरलेल्या तिघांवर काम. त्याच वाफेवर जहाज पळवायचं आणि त्याच वाफेवर विमानं डेकवरून फेकायची. अशा अवस्थेत ४ डिसेंबरला तिची विमानं कॉक्स बझार आणि चितगावावर गेली. एरवी हे मी भाषणात ऐकलं असतं, टाळी दिली असती आणि घरी येऊन विसरलो असतो. पण जुन्या पेनच्या टोपणाचं धुराडं बसवताना माझा हात थांबला. याखाली तीनच बॉयलर चालू होते, असं मनात आलं.

आता दुसरा पक्ष. हे उपयोगवादी. ते पाहुण्याइतके मायाळू नसतात. ते सरळ विचारतात, "याचा उपयोग काय?" विचारणाऱ्याच्या दिवाणखान्यात काचेची सात बदकं उतरत्या उंचीने उभी असतात, पण तो प्रश्न तिकडे वळत नाही. यांना मी इंग्लंडच्या फिलिप वॉरन यांचं नाव ऐकवतो. या गृहस्थांनी १९४८ पासून काडेपेटीच्या काड्या आणि लाकडी पेट्या यांतून तीनशेपट लहान युद्धनौका केल्या. एक नाही, दोन नाही, चारशेच्या वर! हे ऐकून उपयोगवादी निरुत्तर होईल अशी माझी अपेक्षा असते. तो सौ.कडे बघून म्हणतो, "वहिनी, त्या मानाने तुमचं बरंच बरं म्हणायचं."

पण उपयोगाचा हिशेब मांडायचाच असेल तर जरा मोठ्या प्रमाणावर मांडू. खऱ्या विक्रांतलाही शेवटी हाच प्रश्न विचारला गेला होता. उपयोग काय? खर्च किती? २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने संग्रहालय बंद झालं, राज्य सरकारला ती परवडेना, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी ती भंगारात गेली. तिच्यातलं काही पोलाद वितळवून त्याच्या मोटारसायकली झाल्या. माझ्या पुतण्याने त्यातली एक घेतली आणि पेढे घेऊन आला. "काका, माझ्या गाडीत विक्रांत आहे!" मी विचारलं, "आयलंड कुठल्या बाजूला होतं रे तिचं?" तो म्हणाला, "आयलंड? म्हणजे लक्षद्वीप ना?"

मी पुतण्याला हसत नाही; दोन वर्षांपूर्वी मीही तेच होतो. पण याच्या उलट एक गोष्ट सांगतो. १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी इंग्रजांच्या आरमारासाठी एक सागवानी युद्धनौका बांधली. नाव 'ट्रिंकोमाली'. ती आज दोनशेहून अधिक वर्षांची आहे आणि तरंगते आहे. कुठे? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला. तिथल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं खपून डागडुजी करून उभी केली, शाळेची मुलं तिच्यावर चढतात. आणि आपली विक्रांत? तिचा सांगाडा उभा राहिला तोही त्याच किनाऱ्यावर, थोडा उत्तरेला, टाइन नदीच्या काठी. तेव्हा ती 'हर्क्युलिस' होती; १९४५ च्या सप्टेंबरात पाण्यात उतरली आणि महायुद्ध संपल्यामुळे अर्धवटच पडून राहिली, ती १९५७ मध्ये आपण घेतली. म्हणजे मुंबईत बांधलेलं जहाज त्यांनी सांभाळलं आणि त्यांच्या किनाऱ्यावर बांधलेलं आपण मुंबईत आणून मोडलं!

पैसा नव्हता, मान्य. पोलाद गंजतं आणि सागवान टिकतं, तेही मान्य. १९,५०० टनांचं धूड सांभाळणं म्हणजे गणपतीची मूर्ती सांभाळणं नव्हे. पण माझा आरोप सरकारवर नाही. माझा आरोप गेटवेवर उभं राहून 'आहे' अशी नोंद घेणाऱ्या माझ्यासारख्यांवर आहे. ज्या गावातल्या दहा हजार पोरांनी शाळेत पुठ्ठ्याची का होईना, विक्रांत केली असती, त्या गावात ती मोडणं इतकं सोपं गेलं नसतं. आता २ सप्टेंबर २०२२ ला नवी विक्रांत आली, कोचीला बांधलेली, पहिलीपेक्षा मोठी. आनंद आहे. माझी एवढीच विनंती की तिचं आयलंड कुठल्या बाजूला आहे ते आत्ताच बघून ठेवा.

इथे लेख संपवला असता तर मी जिंकलो असतो. पण एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही.

जहाज पुरं झाल्यावर नाना एका वृद्ध गृहस्थांना घेऊन आले. मागच्या गल्लीत राहतात. तरुणपणी विक्रांतवर होते, खाली बॉयलररूममध्ये. मी सगळे दिवे लावले. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. एकदा वाकून डेकच्या पातळीवर डोळा आणला. मग म्हणाले, "छान आहे. आम्ही बाहेरून फारशी पाहिली नाही तिला. सगळा वेळ आतच."

मी म्हटलं, "चूक असेल ती सांगा."

त्यांनी धुराड्याच्या खाली, जहाजाच्या कुशीवर बोटाने टकटक केलं. बद्द आवाज आला. "आत काय आहे?"

"लाकूड. भरीव आहे."

"अस्सं!" ते हसले. "म्हणजे माझी जागा बुजवलीत तुम्ही."

मला काही बोलता येईना. या वेळी तोंडात टाचण्याही नव्हत्या. सव्वाचार वर्षं मी ज्या ऐटीत जगाला ऐकवत होतो की तुम्ही फक्त बाहेरून बघता, त्या मीही बाहेरूनच बघितलं होतं. फक्त घासून घासून. माझ्या तीन बॉयलरांच्या जागी आमच्या कपाटाच्या फळ्या होत्या. ते मात्र जाईपर्यंत दोनदा मागे वळले. दाराशी चपला घालताना म्हणाले, "आवाज फार असायचा हो आत. बोललेलं ऐकू यायचं नाही." पुढे नाना त्यांचा हात धरून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी नवा आराखडा काढायला घेतला आहे. या वेळी पोकळ. बरगड्या उभ्या करून त्यावर पट्ट्या बसवायच्या, म्हणजे आतली जागा मोकळी राहते. त्या गृहस्थांकडे वही घेऊन दर शनिवारी जातो. त्यांना पुष्कळ आठवतं, आणि माझ्या हातात किती शनिवार आहेत ते मोजायचं नाही असं मी ठरवलं आहे.

राहता राहिली पहिली विक्रांत. ती सध्या फ्रिजच्या माथ्यावर नांगरून आहे. नाळ दोन्ही अंगांनी भिंतीला लागू नये म्हणून जरा तिरपी. परवा सौ.च्या माहेरची मंडळी आली होती. मी आतल्या खोलीत होतो. मेव्हण्यांचा आवाज ऐकू आला, "अरे वा! फार सुंदर आहे. कुठे मिळालं हे?"

मी चष्मा काढला आणि उत्तर द्यायला उठलो. पण तोवर सौ.चा आवाज आला.

"मिळायला ते काय दुकानात ठेवलंय? केलंय ते. माझी अनारशांची खसखस आहे त्यात!"